पुण्याला समुद्राची भाषा शोभते का?

देवगडकर (मु.पो. कोथरूड): गणपती आले की पेपरात ठरलेली हेडलाईन, 'भक्तांच्या उत्साहाला उधाण'. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या भांडणासाठी 'सुकाणू समिती' नेमलीय, त्यातल्या एकानेही कधी सुकाणू धरलेलं नाही. अहो उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती, त्यात पावसाळी वारा असला की पाणी थेट माडांच्या मुळाशी येतं, लोक रात्री उठून होड्या अजून वर ओढतात. त्या शब्दाला इथे ढोलताशाच्या मागे फिरवताय. पुण्याला समुद्र फक्त बोलण्यापुरता हवाय, बाकी घेणंदेणं शून्य.

संगमपूल: शून्य कसं काय? सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब 1928 चा आहे, त्यांच्या रेगाटाला, म्हणजे बोटींच्या सोहळ्याला या एकदा, ॲरो फॉर्मेशन, म्हणजे बोटींचा बाण बघायला काठावर उभं राहायला जागा मिळत नाही. खडकवासल्याला एनडीएची पोरं पीकॉक बेमध्ये शिडाच्या बोटी चालवतात. आणि लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी? नेव्हीचे इंजिनिअर घाटमाथ्यावर घडतात राव.

देवगडकर: नदी आणि धरण आहे ते. जलपर्णी बाजूला सारून वल्हवायचं आणि म्हणायचं दर्यावर्दी. भरती-ओहोटी दाखवा, मग बोलू.

धायरीचा पाणक्या: दाखवतो की, तीपण खडकवासल्यातच आहे 😀 सीडब्ल्यूपीआरएस, म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, 1916 पासूनची संस्था. बंदराचा अख्खा किनारा छोट्या मापात बांधतात, त्यात पाणी सोडून भरती-ओहोटी चढवतात-उतरवतात, आणि बघतात की ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, इथे घातला तर लाट किती आत येईल, गाळ कुठे बसेल. मुंबईच्या बंदराचे प्रश्न इथे धरणाखाली बसून सोडवलेत. आपल्याच पुणेकरांना हे माहीत नसतं, हे मात्र खरं.

तुळाजीपंथी: संस्था कसल्या मोजताय, मूळ दुखणं वेगळंय. 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं तेव्हा इंग्रजांच्या जोडीला कोण होतं? पुण्याचे पेशवे. आपल्याच हाताने आरमार घालवलं आणि आता डीपीला नेव्हीचा झेंडा लावून फिरतात.

शनवारातला: अर्धा इतिहास सांगू नका. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता, ते भांडण एका बाजूचं नव्हतं. इंग्रजांना बोलावणं महागात पडलं हे मान्य, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण त्यानंतर पेशव्यांचं आरमार त्याच विजयदुर्गावर होतं की, धुळपांच्या हाताखाली. 1783 ला आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं रेंजर जहाज धरलं. विजयदुर्ग तुमच्याच तालुक्यात ना हो देवगडकर?

देवगडकर: हो, आणि म्हणूनच सांगतो, लढले ते धुळप आणि त्यांचे खलाशी. पुण्यातून हुकूम सुटायचे. खारं पाणी कोणाच्या नाकातोंडात गेलं?

शनवारातला: हुकमाबरोबर पैसापण लागतो, गलबतं काय हवेवर बांधतात?

मासेखाऊ पुणेकर: इतिहास चालू द्या, माझं साधं म्हणणं. ज्यांना समुद्राचं एवढं प्रेम आहे त्यांनी जून-जुलैत गणेश पेठेत ताज्या पापलेटासाठी हुज्जत घालू नये. 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी असते, मासे अंडी घालतात तेव्हा, आणि आपल्याकडे लोक विक्रेत्याला विचारतात 'आज माल का नाही?'

संगमपूल: मग खायचं काय दोन महिने?

देवगडकर: सुका बांगडा. पण तो भाजला की तुमच्या सोसायटीची नोटीस येते.