सौरपंप आणि विहिरीचा तळ

या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की सौरपंप आला म्हणजे शेतीच्या विजेचा आणि पाण्याचा, दोन्ही प्रश्न मिटले. विजेपुरतं अगदी मान्य. आमच्याकडे आठवड्याच्या पाळीनं मोटारीची थ्री फेज वीज रात्री यायची, तेव्हा वडील बॅटरी घेऊन दार धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचे आणि ते परत येईपर्यंत आई जागी असायची. विंचू, साप, आता बिबट्याही. ती रात्र टळली हे फार मोठं काम झालं.

पाण्याबद्दल मात्र पटत नाही. आधी लाईन गेली की मोटार थांबायची आणि तेवढ्या तासांत विहिरीला पाझर यायचा. आता ऊन आहे तोवर पंप चालू. बिल नाही, त्यामुळे बंद करायला कारणच उरत नाही. शेजारच्या दोन्ही विहिरींवर पॅनल आले आणि गेल्या दोन वर्षांत आमच्या विहिरीचा तळ फेब्रुवारीतच दिसायला लागला. पाऊस आणि वाढलेला ऊसही त्याला कारण आहेच, सगळा दोष पॅनलवर टाकत नाही.

इथे कुणी न मांडलेला मुद्दा असा: 'कुसुम' या केंद्र सरकारच्या सौरपंप योजनेच्या घटक 'ब'मधले पंप ग्रिडला जोडलेले नसतात, त्यामुळे उरलेली वीज विकता येत नाही. घटक 'क'मध्ये ती सोय आहे. युनिटमागे चार पैसे मिळणार असतील तर माणूस विचार करून पाणी उपसेल. शिवाय आपल्याकडे पंप ३, ५ की साडेसात एचपीचा मिळणार हे जमिनीच्या क्षेत्रावर ठरतं, विहिरीत पाणी किती आहे यावर नाही. हे आधी बदलायला हवं.