मोटरसायकलचा आवाज आणि चालवणाऱ्याची सुरक्षा : अनुभव धागा

सह्यवाट : गाडीचा आवाज मोठा असला की लोक बाजूला होतात, या समजुतीवर सायलेन्सर बदलणारे खूप आहेत. गॅरेज, रायडिंग प्रशिक्षण, कानांची तपासणी या कामांतल्या जाणकारांनी इथे लिहावे. आवाजाने नक्की काय होते, काय बिघडते, सुरक्षेसाठी काय उपयोगी पडते?

घाटवळण : सायलेन्सरचे तोंड मागे, धोका पुढे. लॉस एंजेलिसमधल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा संशोधक हॅरी हर्ट यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त धोके सरळ पुढच्या दिशेपासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या आत होते. चौकात समोरून येऊन उजवीकडे वळणारी कार हा त्यातलाच प्रकार. तिच्या काचा बंद, एसी चालू. आणि खर्जातली धडधड ऐकू आली तरी ती कुठून येतेय हे पटकन कळत नाही.

अशा वेळी थ्रॉटल सोडा, दोन बोटे पुढच्या ब्रेकवर ठेवा, लेनमध्येच थोडे आडवे सरका. सरळ येणारा दिवा जागच्या जागी दिसतो, बाजूला सरकणारा नजरेत भरतो. समोरच्या ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर भरवसा ठेवू नका, त्याच्या पुढच्या चाकावर नजर ठेवा. गाडी वळणार हे आधी चाकावर दिसते.

स्पार्कप्लग : गॅरेजच्या बाजूने. बुलेटला 'फटाका' काढायला चालत्या गाडीत किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करायचे बटण) बंद-चालू करतात. न जळलेले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये साचते आणि तिथे पेटते. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे मानक) गाडीत यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतल्या धूर शुद्ध करणाऱ्या भागाची, जाळी वितळते किंवा तुटते आणि तुकडे वाट अडवतात. मग पिकअप जातो, तोही घाटात ओव्हरटेक करताना, म्हणजे नेमका हवा असतो तेव्हा.

आवाज अचानक वाढला असेल तर आधी इंजिनच्या हेडला सायलेन्सरचा पाइप जोडतो तिथले गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) बघा. थंड इंजिन सुरू करताना 'चट्-चट्' आवाज आणि फ्लँजभोवती (पाइपच्या जोडाच्या कडेभोवती) काळे डाग, म्हणजे लीक. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) आहे असे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतो, स्पार्क प्लग काळा होतो.

सायलेन्सर बसवताना गॅस्केट दर वेळी नवे. सगळे बोल्ट आधी सैल लावा, मग फ्लँजचे नट आलटून पालटून आवळा, ब्रॅकेट सर्वांत शेवटी. ब्रॅकेट आधी आवळला तर पाइपवर ताण राहतो आणि पुढे स्टड किंवा वेल्डिंग तुटते. गाडी एकदा तापवून पूर्ण थंड झाली की नट पुन्हा तपासा.

ग्लासवूलचे सायलेन्सर वापरत असाल तर आतले पॅकिंग हळूहळू जळते. आवाज वाढला, बाहेरचा डबा जास्त तापू लागला, की पॅकिंग बदला. डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडातली आवाज कमी करणारी नळी) काढून चालवू नका.

कानसेन : कानांचे गणित कडक आहे. नायॉश या अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला १ तास आणि १०० ला १५ मिनिटे. ताशी १०० किमीला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज ९५ च्या आसपास जातो, त्यात फ्री-फ्लो (आवाज फारसा न अडवणाऱ्या) सायलेन्सरची भर. थकवाही त्यातून येतो, आणि थकलेला चालक उशिरा ब्रेक मारतो.

म्हणून कानात इअरप्लग घाला. फोमचा प्लग स्वच्छ बोटांनी बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. अर्धवट बसलेला प्लग फारसे काम करत नाही.

थंडरप्रेमी : प्लग घातल्यावर मागचा हॉर्न ऐकू येईल का?

कानसेन : हायवेच्या वेगाला येतो. वाऱ्याचा गोंगाटही सोबत कमी होतो, त्यामुळे हॉर्न वेगळा कळतो. शहरात हळू चालवताना मात्र काढून ठेवा.

नियमपाळ : १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला कंपनीतल्या चाचणीत आवाजाची मर्यादा ८० डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७. पीयूसीत आवाज मोजत नाहीत, म्हणून पीयूसी आहे हा बचाव चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

स्पार्कप्लग : लोकांना सावध करायचेच असेल तर हॉर्न सुधारा. दोन हॉर्न लावताना रिले (छोट्या करंटवर चालणारा, मोठा करंट जोडणारा स्विच) हवाच, नाहीतर स्विचचे पॉइंट जळतात. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज घेऊन रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर, ८७ वरून हॉर्न, जुन्या हॉर्नच्या दोन वायरी ८५ आणि ८६ वर. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितके चांगले. मल्टिटोन (वेगवेगळे सूर काढणारा) हॉर्न नको, त्याला बंदी आहे.