झिओलाइटचा संग्रह पहिल्यांदाच प्रदर्शनात मांडायचा आहे: मांडणी, चिठ्ठ्या आणि स्वच्छता याबद्दल मार्गदर्शन हवे

सह्यकातळ (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यात राहते आणि बऱ्याच वर्षांपासून आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारे स्फटिक, म्हणजे झिओलाइट (जाळीदार रचनेत पाणी धरून ठेवणारी सिलिकेट खनिजे) आणि त्यांच्यासोबतची खनिजे, जमवते. संग्रहात प्रामुख्याने स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, ओकेनाइट, कॅल्साइट आणि हिरवे व पांढरे अपोफिलाइट आहे. वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटचे दोन लहान नमुनेही आहेत. काही नमुने खाणमालकांच्या परवानगीने खडीच्या खाणींवरून आणलेले आहेत, काही विहिरींच्या खोदाईतून निघालेल्या दगडांच्या ढिगांत मिळाले, आणि बाकीचे व्यापाऱ्यांकडून विकत घेतले.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाने या संग्रहाच्या प्रदर्शनासाठी दोन दिवस सभागृह देण्याचे मान्य केले आहे. बघायला येणाऱ्यांत शाळेची मुले असतील आणि ज्यांच्या शेतात असे दगड निघतात असे शेतकरीही असतील. त्यामुळे मांडणी आकारानुसार करावी, जातीनुसार करावी की गावानुसार, हे ठरत नाही. विकत घेतलेल्या नमुन्यांबरोबर आलेल्या चिठ्ठ्यांवर नुसते 'जळगाव' किंवा 'पूना' एवढेच लिहिलेले आहे; ते तसेच पुढे लिहावे का? काही नमुन्यांवर माती आणि तांबूस डाग आहेत, आणि ते आम्लाने काढावेत असा सल्ला मला एका परिचिताने दिला आहे. शिवाय एक पारदर्शक, टोकदार स्फटिकांचा नमुना क्वार्ट्झ (गारगोटी) आहे की अपोफिलाइट, याची मला खात्री नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

असिताश्म

ताई, आपला उपक्रम वाचून मनापासून आनंद झाला. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून रेल्वेमार्ग खोदला जात असताना जे सुंदर झिओलाइट निघाले, ते इंग्लंडमधल्या संग्रहांत पोचले, आणि आजही आपल्या मातीतले पहिल्या प्रतीचे नमुने पाहायचे तर बहुतेकदा परदेशी संग्रहालयांकडेच बोट दाखवावे लागते. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय हा त्याला ठळक अपवाद आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यातच असल्यामुळे मांडणी ठरवण्याआधी केवळ प्रकाशयोजना आणि चिठ्ठ्या पाहण्यासाठी तेथे एक चक्कर अवश्य मारावी. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीतून स्टिल्बाइट निघाला, त्याच शेतकऱ्याला तो दिव्याखाली, नावानिशी बघायला मिळावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मांडणीबद्दल माझे मत असे की, आपल्या प्रेक्षकांसाठी या तिन्ही पद्धती बाजूला ठेवून पोकळी कशी भरत गेली त्या क्रमाने नमुने मांडावेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत असताना त्यांतील वायूंचे बुडबुडे थिजून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात मुरलेल्या पाण्याने, जे खोलवर बरेच तापलेले होते, बेसॉल्टमधील, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणातील, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका विरघळवून या पोकळ्यांत आणून सोडली. म्हणून सुरुवातीला आपण बारीक, पांढरे ठिपके असलेला बेसॉल्टचा एक साधा तुकडा ठेवावा, जो प्रत्येकाने रस्त्याच्या कडेला पाहिलेला असतो. त्यानंतर पोकळीच्या भिंतीला हिरवट सेलॅडोनाइटचा (मातीसारखे मऊ खनिज) किंवा कॅल्सेडनीचा (अतिसूक्ष्म कणांचे क्वार्ट्झ) पातळ थर असलेला नमुना, मग ह्यूलँडाइट आणि स्टिल्बाइट, आणि शेवटी त्यांच्यावर बसलेले अपोफिलाइट आणि कॅल्साइट. प्रत्येक पोकळीत हा क्रम तंतोतंत असाच असेल असे नाही, परंतु कोणता स्फटिक कोणावर बसला आहे हे भिंगातून पाहिले की आधी कोण आणि मागाहून कोण ते नमुनाच सांगतो. मुलांच्या हाती एक भिंग द्यावे आणि हा शोध त्यांनाच घेऊ द्यावा.

येथे एक दुरुस्ती आवर्जून करावी. अपोफिलाइट झिओलाइटच्या शेजारी वाढते, म्हणून बहुतेक फलकांवर त्याची गणना झिओलाइटमध्ये केलेली असते. प्रत्यक्षात त्याची रचना पापुद्र्यांची आहे आणि ते त्या कुळातले नाही. फलकावर 'झिओलाइट आणि त्यांचे सोबती' असे लिहिल्यास शास्त्रही सांभाळले जाईल आणि अपोफिलाइटचा मानही राहील.

आपल्या शंकेतील नमुन्याचा एक सुटा, चांगला वाढलेला स्फटिक निवडून त्याच्या बाजू मोजाव्यात. क्वार्ट्झचा खांब सहा बाजूंचा असतो आणि त्या बाजूंवर आडव्या बारीक रेषा दिसतात. अपोफिलाइटचा खांब चौरस असतो, त्याच्या बाजूंवरील रेषा उभ्या असतात, आणि टोक सपाट असेल तर त्या सपाट पृष्ठावर मोत्यासारखी झाक दिसते. क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढते आणि अपोफिलाइट काढत नाही, परंतु ही कसोटी प्रदर्शनाच्या नमुन्यावर न करता त्याच ढिगातल्या एखाद्या तुटक्या तुकड्यावर करावी. सुयांसारख्या स्फटिकांबाबत मात्र जरा जपून लिहावे. स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट हे तिघे नुसत्या डोळ्यांना इतके सारखे दिसतात की खात्रीसाठी क्ष-किरणांची चाचणी करावी लागते. ती झालेली नसेल तर 'बहुधा स्कोलेसाइट' असे लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही.

आम्लाचा सल्ला कृपया मानू नये. कॅल्साइट हायड्रोक्लोरिक आम्लात फसफसून विरघळतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु अनेक झिओलाइटही त्यात विरघळतात किंवा त्यांच्यावर चिकट थर धरतो, आणि एकदा गेलेली चमक परत आणता येत नाही. माती काढण्यासाठी नमुना साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने हलकेच झाडावा. तांबूस डाग लोहाचे असतात आणि ते पुष्कळदा त्या पोकळीच्या इतिहासाचाच भाग असतात; मी तरी ते राहू देईन.

खाणवाट

नमस्कार ताई. मी खानदेशातला आहे आणि आमच्या घरात या दगडांचा व्यवसाय आहे. सरांनी शास्त्र सांगितले आहे, त्यामुळे मी चिठ्ठीपुरतेच लिहितो, कारण माझ्या मते आपल्या प्रदर्शनाचा खरा कस तेथेच लागणार आहे.

खाणीत सुरुंग लागून मोठी पोकळी उघडी पडली की कामगार छिन्नी-हातोड्याने नमुने सोडवतात, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरतात, आणि ही खोकी चार-पाच तालुक्यांतून फिरत एकाच गोदामात येऊन पडतात. तेथे माल प्रतीनुसार लावला जातो आणि कोणते खोके कोणत्या खाणीतून आले हे त्याच क्षणी विसरले जाते. काही वेळा चांगली जागा इतरांना कळू नये म्हणून ती जाणूनबुजूनही लपवली जाते. त्यामुळे आपल्या चिठ्ठीवरचे 'जळगाव' म्हणजे पुष्कळदा तो नमुना जेथे विकला गेला ते गाव असते, आणि परदेशातल्या जुन्या संग्रहांत दिसणाऱ्या 'पूना' या शब्दाचीही हीच गत आहे. आपण 'जळगाव येथे खरेदी, मूळ खाण अज्ञात' असे स्पष्ट लिहावे. जुनी चिठ्ठी मात्र कधीही फेकून देऊ नये. ती नमुन्याबरोबरच जपावी, कारण तिचे हस्ताक्षर किंवा छापील मथळा पाहून पुढे कोणीतरी धागा जुळवू शकतो.

याउलट ज्या नमुन्यांची जागा आपल्याला स्वतःला ठाऊक आहे, त्यांची नोंद अगदी बारकाईने करावी: गाव, गट क्रमांक, खाण की विहीर, अंदाजे किती खोलीवर, आणि कोणत्या वर्षी. वाघोलीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. कॅव्हन्साइट हे खनिज पहिल्यांदा १९६० च्या दशकात अमेरिकेतील ओरेगॉन येथे सापडले, १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, परंतु जगभरच्या संग्राहकांनी ज्यासाठी धाव घेतली ते गर्द निळे गुच्छ वाघोलीच्या खाणींतले होते. तीच वाघोली २०२१ पासून पुणे महापालिकेच्या हद्दीत आहे, आणि जेथे खाणी होत्या त्या परिसरात आता इमारती वाढत आहेत. खाण बुजली की ती जागा तपासायला पुन्हा जाता येत नाही. मागे राहते ती फक्त चिठ्ठी. आपले दोन्ही नमुने लहान असले तरी त्यांना चांगली जागा द्यावी.

विकत घेतलेले नमुने मांडण्याआधी अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाच्या टॉर्चखाली पाहून घ्यावेत. तुटलेला स्फटिक मूळ खडकावर पुन्हा चिकटवलेला असेल, तर सांध्यावरचा गोंद बहुतेकदा निळसर-पांढरा उजळतो. असा नमुना बाद करण्याची गरज नाही, मात्र 'जोडलेला' असे चिठ्ठीवर लिहिलेच पाहिजे. गुलाबी, जांभळ्या किंवा भडक निळ्या रंगाचा ओकेनाइट कोणी विकला असेल तर तो रंगवलेला आहे असे निश्चित समजावे. ओकेनाइट पांढराच असतो.

लोहाच्या डागांबद्दल माझे मत सरांपेक्षा थोडे वेगळे आहे. दुसऱ्या खडकाचा चिखल नमुन्यावर वाळून बसला असेल तर तो इतिहास नव्हे, तो खाणीतला राडा आहे, आणि तो पाण्याने जेवढा निघेल तेवढा काढावा. आम्लाबाबत मात्र त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे.

आणखी एक विनंती आहे. किंमत कोठेही लिहू नये आणि कोणी विचारल्यास सांगूही नये. आकडा कानावर पडला की दुसऱ्या दिवशी कोणीतरी पहार घेऊन विहिरीच्या कड्यावर उतरतो, आणि ते जिवावर बेतू शकते. लेणी, किल्ले आणि अभयारण्ये येथून दगड काढणे हा गुन्हा आहे, हेही प्रवेशद्वाराशी ठळक अक्षरांत लिहावे, कारण मुलांना उत्साहाच्या भरात ते सुचत नाही.

दूरदेशी_पुणेकर

मी अॅरिझोनात राहतो आणि टूसॉन येथे दर फेब्रुवारीत भरणारे खनिज प्रदर्शन नियमाने पाहतो. १९५५ मध्ये एका प्राथमिक शाळेत सुरू झालेले हे प्रदर्शन आज जगातल्या सर्वांत मोठ्या प्रदर्शनांत गणले जाते. तेथे विक्रीच्या दालनांखेरीज संग्रहालयांनी आणि हौशी संग्राहकांनी मांडलेल्या काचपेट्या असतात, ज्यांतले काहीही विकायचे नसते, आणि मला शिकण्यासारखे जे मिळाले ते बहुतेक त्या पेट्यांतूनच मिळाले.

तेथल्या मांडणीत डोळ्यांत भरते ती मोकळी जागा. नवखा संग्राहक सगळे काही मांडतो. अनुभवी संग्राहक निम्मे नमुने घरी ठेवतो. पेटीला एकाच रंगाचे, बिनचमकीचे, करड्या किंवा फिक्या छटेचे कापड असते, मागची रांग लाकडी ठोकळ्यांवर उंच केलेली असते, आणि नमुना आपल्या सर्वांत चांगल्या बाजूने समोर पाहील अशा रीतीने खालून पुट्टीच्या (मऊ, चिकट लगद्याच्या) लहान गोळीवर बसवलेला असतो. पांढरा स्कोलेसाइट पांढऱ्या कापडावर अजिबात ठेवू नये. गडद कापडावर त्याची सुई न् सुई मोजता येते. दिवे एलईडीचे वापरावेत, कारण हॅलोजनच्या उष्णतेने पेटी तापते आणि ज्यांच्या रचनेतच पाणी असते अशा या खनिजांना ते मानवत नाही. लॉमोन्टाइट हा झिओलाइट असेल तर तो कोरड्या हवेत पाणी सोडून पांढरा पडतो आणि त्याचा भुगा होतो, म्हणून त्याचे छायाचित्र लावून काम भागवावे.

स्पर्धेत आकाराचे वर्ग असतात, उदाहरणार्थ एक इंचाच्या घनात मावणारा नमुना हा सर्वांत लहान वर्ग, आणि चिठ्ठीतल्या चुकांसाठीही गुण कापले जातात. आपल्याकडे स्पर्धा नाही, तरी चिठ्ठ्यांची शिस्त घेण्यासारखी आहे: सर्व चिठ्ठ्या एकाच मापाच्या, एकाच टंकातल्या, वर खनिजाचे नाव, खाली ठिकाण. एका नमुन्यावर अनेक खनिजे असल्यास मुख्य खनिज आधी लिहावे, जसे 'अपोफिलाइट, स्टिल्बाइटवर'.

सह्यकातळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शंकेतला नमुना भिंगाखाली पाहिला. खांब चौरस आहे आणि रेषा उभ्या आहेत, म्हणजे तो अपोफिलाइटच असावा. पोकळीच्या क्रमाने मांडणी करण्याचे नक्की केले आहे, आणि ज्यांच्या विहिरींतून नमुने मिळाले त्या शेतकऱ्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर, चिठ्ठीवर त्यांच्या वस्तीचे नाव लिहिणार आहे.

आता एकच अडचण उरली आहे. ओकेनाइटचे कापसाच्या गोळ्यांसारखे दिसणारे गुच्छ आणि स्कोलेसाइटचा एक मोठा पंखा वाचनालयापर्यंत गाडीतून न्यायचा आहे. त्यांच्यावर धूळही आहे. ते कसे न्यावेत?

खाणवाट

ताई, ओकेनाइटला पाणी, ब्रश आणि बोट या तिन्हींपासून दूर ठेवावे. त्याचे तंतू एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. धूळ फोटोग्राफर वापरतात त्या रबरी फुग्याने, अंतर ठेवून, हलकेच उडवावी. दोन्ही नमुन्यांना वरून काहीही गुंडाळू नये, कापूस तर मुळीच नको, कारण त्याचे धागे सुयांत अडकतात आणि काढताना सुया तुटतात. नमुन्याचा खालचा खडक तेवढा खोक्याच्या तळाशी पुट्टीने घट्ट बसवावा, चारही बाजूंनी आणि वर हात जाईल इतकी जागा मोकळी सोडावी, आणि खोके गाडीच्या डिकीत न ठेवता कोणाच्या तरी मांडीवर द्यावे. नेण्याच्या आदल्या रात्री खोके हळूच तिरके करून नमुना हलतो का ते पाहावे. हलला तर पुट्टी वाढवावी. काचपेटीत ओकेनाइट मुलांच्या हाताला लागणार नाही अशा मागच्या, उंच रांगेत बसवावा.

असिताश्म

यात एवढीच भर घालतो की, हात लावायला काहीच नसेल तर मुले काचेलाच हात लावतात. म्हणून बाहेर एका टेबलावर खाणीतला साधा, तुटका कॅल्साइट, स्टिल्बाइटचे सुटे तुकडे आणि ठिपक्यांचा बेसॉल्ट ठेवावा, जवळ ड्रॉपरच्या बाटलीत थोडे व्हिनेगर ठेवावे, आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली कॅल्साइटच्या चुऱ्यावर एक थेंब टाकून बुडबुडे दाखवावेत. स्टिल्बाइटवर तसे बुडबुडे येत नाहीत, आणि असे का, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात.