मारिओतल्या नळीतल्या झाडासाठी मुलाला काय घेऊन द्यावं? बजेट 1500, नागपूर

महालची_प्राजक्ता:
नमस्कार. माझा मुलगा 9 वर्षांचा आहे. दसऱ्याच्या सुट्टीत मामाकडे जुना मारिओ खेळून आला आणि तेव्हापासून घरात एकच विषय: हिरव्या नळीतून तोंड वासून वर येणारं ते झाड, पिरान्हा प्लँट. वहीच्या मागच्या पानांवर तेच, खडूने गच्चीवर तेच. पुढच्या रविवारी वाढदिवस आहे. बर्डीवर टीव्हीला लावायचा छोटा डबा पाहिला, दोन रिमोट आणि शेकडो गेम, 1200 सांगितले. घ्यावा का? आमच्या टीव्हीला पिवळी-पांढरी पिन लागते. दुसरं असं की तो पहिली पातळी पार करतो, पण पुढच्या पातळीत, 1-2 मध्ये, त्या झाडाला लागून दरवेळी मरतो. बजेट 1500, त्याच्या वर जाता येणार नाही.

निखिल_सदर:
ताई, निन्टेंडोचा स्विच घ्या, गेम खेळायचं यंत्र. मी मुंबईहून आणलाय. एकदाच खर्च होतो, पण जुना 1985 चा मारिओ त्यावर वर्गणी भरून खेळता येतो. मेलं की खेळ मागे नेता येतो, पोरगं रडत नाही. आणि 2023 च्या मारिओच्या ‘वंडर’ गेममध्ये ही झाडं नळीतून बाहेर पडून गाणं म्हणतात! माझी मुलगी तीच पातळी पुन्हा पुन्हा लावते.

महालची_प्राजक्ता:
दादा, बजेट 1500 आहे.

इतवारी_कॅसेट:
स्विच भारतात अधिकृत विकला जात नाही. बिघडला तर इथं वॉरंटीचं कोण बघणार, ते आधी सांगा ना भाऊ.
ताई, तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आमच्या बाबांनी नव्वदच्या दशकात टीव्ही गेम आणला होता, 1-2 मी शेकड्यानं खेळलोय. पहिल्या पातळीत नळ्यांमध्ये झाड नसतंच, म्हणून तो तिथं निवांत निघतो. 1-2 पासून ते सुरू होतं. त्याला सांगा, नळीला अगदी चिकटून उभं राहायचं. मारिओ चिकटलेला असेल तर झाड वर येतच नाही. नळीवर उभा असला तरी येत नाही. पण आधीच वर आलेलं असेल तर थांबायचं, ते खाली गेलं की उडी मारायची. पोरं धावत येतात आणि अर्ध्यात उडी मारतात, तिथंच मरतात. वरून पाय देऊन ते मरत नाही, हे पक्कं डोक्यात बसवा. आगीचा गोळा मारला तर मरतं, 200 गुण मिळतात.

वर्धारोड_अमेय:
हे सगळीकडे चालत नाही. 1986 मध्ये जपानात दुसरा भाग निघाला, त्यातली लाल झाडं तुम्ही चिकटून उभे असलात तरी वर येतात. आणि तिसऱ्या भागात तर आग थुंकणारं झाड आहे.

इतवारी_कॅसेट:
मुलगा पहिला भाग खेळून राहिला ना! त्याला लाल झाडाचं भ्या काहून दाखवता?

वर्धारोड_अमेय:
माहिती द्यायची म्हणून सांगितलं. जपानीत त्याचं नाव ‘पाक्कुन फ्लॉवर’, पाक्कुन म्हणजे गपकन तोंडात टाकल्याचा आवाज. हेही मुलाला आवडेल.

सक्करदरा_आई:
तो डबा मी गेल्या वर्षी घेतला. शेकडो गेम म्हणाले, पण तेच वीस-पंचवीस नावं बदलून पुन्हा पुन्हा. पंधरा दिवसांत रिमोटचं एक बटण आत गेलं ते वरच आलं नाही. दुकानदार म्हणाला, बदलून मिळत नाही. पैसे पाण्यात गेले, अजून जीव जळतो. घेणारच असाल तर दुकानातच लावायला सांगा आणि धावायचं नि उडीचं बटण एकदम दाबून बघा. दोन्ही एकदम लागत नसतील तर मारिओ खेळताच येत नाही.

निखिल_सदर:
म्हणूनच म्हणतो, स्विच घ्या. त्यावरच्या ‘स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या मारामारीच्या गेममध्ये 2019 पासून हेच झाड स्वतः लढायला घेता येतं, नळीसकट. ताई, मुलाला झाड आवडतंय, मारिओ नाही.

धरमपेठ_लेगोवाला:
लेगोचं पिरान्हा प्लँट मिळतं, 540 तुकडे. माझ्या टेबलावर आहे, येणारा प्रत्येक माणूस हात लावतो. डब्यावर 18+ लिहिलंय, पण हुशार मूल करतं. महाग आहे, वस्तू मात्र आयुष्यभराची.

गच्चीवरची_बाग:
मी गेममधली नाही, झाडांमधली. पण एक सांगते, कुणी खरं व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे सापळ्यासारख्या पानांनी किडे पकडणारं झाड, घ्या म्हणालं तर ऐकू नका. मी फेब्रुवारीत 600 रुपयांना मागवलं, मे मध्ये 45 अंशांत काळं पडून गेलं. नळाचं पाणी दिलं होतं, त्यातल्या क्षारांनी मुळं आधीच दुबळी झाली होती. फार वाईट वाटलं. मूळ अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या दलदलीतलं झाड, त्याला आपला वैशाख कसा सोसेल?

इतवारी_कॅसेट:
कोणी म्हणालंच नाही बाप्पा खरं झाड घ्या.
ताई, पुन्हा सांगतो. चिकटून उभं राहायचं.

महालची_प्राजक्ता:
सगळ्यांचे आभार. चिकटून उभं राहायचं मुलाला सांगितलं, त्यानं मामाला फोन करून तेही सांगितलं.
बाग ताई, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला आणि तो एकदम गप्प झाला. “आई, म्हणजे हे खरं असतं?” दोन दिवस तो डब्याचं नाव घेत नाहीये. मी फ्लायट्रॅपच मागवलंय, 550 ला. शुक्रवारी येईल. उरलेल्या पैशात कुंडी आणि बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर. मेची काळजी मला आहे, पण आत्ता त्याला हेच हवंय.

निखिल_सदर:
अहो, पण ते तीन महिन्यांत मरेल!

गच्चीवरची_बाग:
मागवलंच आहे तर नीट करू. बाटलीवर फक्त डिस्टिल्ड लिहिलेलं बघा, बॅटरीचं ॲसिडही त्याच दुकानात असतं. कुंडीत खत अजिबात नको, शेणखतही नको. बशीत पाणी ठेवून कुंडी त्यात ठेवायची. डिसेंबरची आपली थंडी त्याला मानवते, तेव्हा ते झोपतं, पानं काळी पडली तरी फेकू नका. मार्चअखेरीपासून दुपारच्या उन्हातून आत घ्या. पुढच्या पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी भरून ठेवा. आणि मुलाला सांगा, बोटानं सापळे मिटवत बसायचं नाही. आतल्या केसाला साधारण 20 सेकंदांत दोनदा धक्का लागला की ते मिटतं, आणि दरवेळी त्याची ताकद जाते. मोजून एकदा, वाढदिवसाच्या दिवशी.

महालची_प्राजक्ता:
एकदाच, असं त्यानं वहीत लिहून घेतलंय. माशी मिळाली तर तीच देणार म्हणतो.