मुलांच्या मोकळ्या वेळेची आखणी पालकांनी करावी का?

मूळ मांडणी:
शाळा, अभ्यास आणि झोप यांतून मुलांना जो वेळ उरतो, तो कसा घालवायचा हे पालकांनी ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ व्या कलमाने विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे; आपण मात्र तो वेळ छंदवर्गांनी आणि शिबिरांनी भरून टाकतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१४ मधील अभ्यासात, ज्या सहा-सात वर्षांच्या मुलांचा अधिक वेळ मोठ्यांनी न आखलेल्या गोष्टींत जात होता, त्यांची स्वतःहून विचाराची दिशा ठरवण्याची क्षमता अधिक चांगली आढळली. कंटाळलेले मूल थोडा वेळ कुरकुर करते आणि मग स्वतःच काहीतरी शोधून काढते. ती कुरकुर आपल्याला सहन होत नाही म्हणून आपण लगेच उपाय सुचवतो आणि शोधण्याची संधीच हिरावून घेतो.

प्रतिसाद १:
मी असहमत आहे. आपण सांगितलेला अभ्यास दोन गोष्टींचा परस्परसंबंध दाखवतो, कार्यकारणभाव सिद्ध करत नाही. शिवाय त्याच कराराचे पाचवे कलम, मुलाच्या वाढत्या समजेनुसार त्याला मार्गदर्शन करण्याचे पालकांचे कर्तव्यही सांगते. माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. पालकांनी हात काढून घेतला की मूल स्वतःच्या मर्जीने वागू लागते, हे गृहीतकच आज खरे राहिलेले नाही, कारण एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू करणारी यंत्रणा त्याचा वेळ आखायला टपलेली असते आणि तिला त्या मुलाच्या भल्याशी काहीही देणेघेणे नसते. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांच्या मध्यम ते जोमदार शारीरिक हालचालीची शिफारस करते. पडद्यासमोर बसलेल्या मुलाला उठवायला कोणीतरी हवेच.

प्रतिसाद २:
वयानुसार काय बदलावे, हे दोघांनीही सांगितलेले नाही. चार वर्षांच्या आणि पंधरा वर्षांच्या मुलाला एकच नियम लावता येणार नाही.

मूळ लेखक:
पडद्याला आणि जागरणाला मर्यादा हवी, हे मला मान्य आहे, आणि लहान वयात ती अधिक कडक असावी हेही. परंतु मर्यादा घालणे आणि दिशा देणे यांत मी फरक करतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी केलेल्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना आधी बक्षिसाचे आश्वासन देऊन चित्रे काढायला लावले, तेव्हा पुढे मोकळ्या वेळेत त्यांचे चित्रे काढणे कमी झाले. पालकांचे मार्गदर्शन बहुधा याच वाटेने जाते: आवड दिसली की वर्ग, वर्गानंतर परीक्षा, आणि परीक्षेनंतर इतर मुलांशी तुलना.

प्रतिसाद १:
त्या प्रयोगात आवड कमी झाली ती आधी कबूल केलेल्या बक्षिसामुळे. ज्यांना अनपेक्षितपणे बक्षीस मिळाले, त्यांच्यात तशी घट दिसली नाही. म्हणजे दोष आमिषाचा आहे, मोठ्यांच्या सहभागाचा नव्हे. ज्या मुलाने पेटी कधी ऐकलीच नाही किंवा बुद्धिबळाचा पट पाहिलाच नाही, ते त्यांची निवड कशी करणार? ओळख करून देणे हे पालकांचे काम आहे, आणि मुलाने नको म्हटले तर ते वर्षभर रेटत न राहणे हेही त्यांचेच काम आहे.