लायसन्सच्या फीतून पुण्यातून राज्याला किती मिळतं? हिशोब कसा मांडायचा?

प्रश्न – पेठेतला_नागरिक

पुणे आरटीओत लायसन्सच्या फीतून राज्य सरकारला वर्षाला किती जमा होते, याचा अंदाज काढतोय. वर्षभरात दिलेली पक्की लायसन्स गुणिले फी, एवढं धरलं तर चालेल का? आणि फीचे दर दिल्लीहून ठरतात, मग पैसा नक्की कोणाचा?

उत्तर – लेखाशीर्ष

पैसा राज्याचा. दर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ३२ च्या तक्त्यात आहेत आणि २९ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने ते वाढले. पण लायसन्स देणारं कार्यालय राज्याच्या परिवहन विभागाचं आहे, त्यामुळे जमा राज्याच्या एकत्रित निधीत होते. संगणकीकरणाच्या खर्चापोटी राज्याला जादा रक्कम लावायची मुभाही त्याच नियमांत आहे.

आकडा शोधताना बहुतेक जण राज्याच्या अर्थसंकल्पातला 'करेतर महसूल' (कर सोडून होणारी जमा) उघडतात, कारण ही फी आहे, कर नाही. तिथे ती सापडणार नाही. प्रधान शीर्ष (जमेचं मुख्य खातं) ००४१, 'वाहनांवरील कर', त्याखाली गौण शीर्ष (उपखातं) १०१ बघा. १०२ मध्ये राज्याच्या १९५८ च्या वाहन कर कायद्याची जमा असते, तिचा लायसन्सशी संबंध नाही. आणि १०१ चा सगळा आकडाही लायसन्सचा समजू नका. नोंदणी आणि फिटनेसची फी त्यातच असते.

उत्तर – आळंदी_रोड

गुणाकार चुकेल, कारण फी अर्जावर आणि चाचणीवर लागते, हातात पडलेल्या कार्डावर नाही.

गिअरची दुचाकी आणि कार असं एकत्र लायसन्स घ्या. शिकाऊसाठी प्रत्येक प्रकाराला १५० म्हणजे ३००, वर चाचणीचे ५०. पक्क्यासाठी चाचणी प्रत्येक प्रकाराला ३०० म्हणजे ६००, लायसन्सचे २००. एकूण १,१५०. स्मार्ट कार्डाचे २०० वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण ते छापण्याचा खर्च समोर उभाच असतो. टपालखर्चही महसुलात धरू नका.

उमेदवार ट्रॅकवर नापास झाला की चाचणीची फी पुन्हा. शिकाऊ लायसन्सचे सहा महिने उलटले की सुरुवातीपासून सगळं. हे पैसे जमा होतात, पण 'दिलेली लायसन्स' या आकड्यात कुठेच दिसत नाहीत.

नूतनीकरण २०० रुपयांचं. उशीर झाला तर ३०० आणि उशिराच्या प्रत्येक वर्षाला किंवा त्याच्या भागाला १,००० जादा. एक वर्षाहून जास्त उशीर असेल तर चाचणीही द्यावी लागते. पत्ताबदल २००, आंतरराष्ट्रीय परवाना १,०००. पुण्यात बाहेरगावचे नोकरदार आणि परदेशी शिकायला जाणारे विद्यार्थी इतके आहेत, की ही दोन कामं वगळलीत तर अंदाज नक्की कमी पडेल.

पेठेतला_नागरिक

म्हणजे कामनिहाय आकडेच हवेत. ते मागायचे कुठे?

उत्तर – लेखाशीर्ष

पुणे आरटीओच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. 'लायसन्सचा एकूण महसूल' असं मोघम मागितलंत तर मोघमच उत्तर येईल. असं लिहा: '१ एप्रिल ते ३१ मार्च या काळात सारथी प्रणालीतून (लायसन्सच्या अर्जांची ऑनलाइन प्रणाली) लायसन्सच्या प्रत्येक सेवेसाठी झालेले व्यवहार, त्यांची संख्या आणि रक्कम'. मुदत ३० दिवसांची.

कार्यालय नेमकं लिहा. जिल्हा म्हणालात तर पुणे आरटीओ (एमएच-१२) बरोबर पिंपरी-चिंचवड (१४) आणि बारामतीही (४२) येतं.

शेवटी ताळमेळ घाला. भरणा मार्चच्या अखेरीस झाला आणि कोषागारात नोंद एप्रिलमध्ये पडली, तर सारथी आणि ग्रास (सरकारी जमेची राज्याची ऑनलाइन प्रणाली) यांचे आकडे जुळत नाहीत. तिथे घोटाळा शोधत बसू नका, आधी भरण्याच्या चलानाची तारीख तपासा.

उत्तर – कर_अभ्यासक

आकडा आला की तो वाहन करासमोर ठेवून बघा. खासगी पेट्रोल कारला १० लाखांपर्यंत एकरकमी कर ११ टक्के. करासाठी किंमत ९ लाख धरली तर एका गाडीचे ९९,००० झाले. वरच्या १,१५० च्या हिशोबाने ही ८६ नव्या लायसन्सधारकांची फी झाली. त्यामुळे राज्याचा वाहन महसूल वर-खाली का झाला याचं कारण शोरूमच्या विक्रीत शोधा, लायसन्सच्या रांगेत नाही.