कादंबरीतल्या फुटबॉल कोचला सिनेटवर पाठवू नका

उत्तररात्र
अमेरिकी कॉलेज फुटबॉलवर उपहासात्मक डिस्टोपिया, म्हणजे भयाण भविष्याची कादंबरी, लिहायचा म्हटलं की कोचला सत्तेची स्वप्नं पडायलाच हवीत, असं बरेच जण धरून चालतात. माझा ठाम विरोध आहे. नेब्रास्का विद्यापीठाचे माजी कोच टॉम ऑस्बर्न 2001 ते 2007 प्रतिनिधिगृहात होते. ऑबर्न विद्यापीठाचे माजी कोच टॉमी ट्युबरव्हिल 2020 मध्ये अलाबामातून सिनेटवर निवडून आले. जे घडून गेलंय त्यात अतिशयोक्ती कसली करणार?

कोचची भूक शोधायची तर हेल्मेटमध्ये शोधा. 2024 पासून कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागात कोचला मैदानावरच्या एका खेळाडूशी रेडिओवरून बोलता येतं. चाल सुरू करायला साधारण 40 सेकंद असतात. घड्याळ 15 वर आलं की आवाज बंद. त्यानंतर बचावफळीने जागा बदलल्या तर ठरलेली चाल मोडायची का, हे क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर चाल चालवणारा खेळाडू, स्वतः ठरवतो. माझ्या कोचला ते 15 सेकंद हवेत, तेही अकराही जणांच्या कानात. नियमात एवढी एक दुरुस्ती झाली की हुकूमशाही उभी राहिली.

पेठकरीण
अजिबात पटलं नाही. 15 सेकंदांवर 300 पानं तगत नाहीत. पैशाकडे बघा. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर 2023 मध्ये कोच जिंबो फिशरना काढलं तेव्हा उरलेल्या कराराचं साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं निघालं, कारण करारात पूर्ण हमी होती. अशा जगात कोचची सर्वोच्च महत्त्वाकांक्षा बडतर्फ होण्याचीच असणार!

काळा फळा
तो कोच हास्यास्पद होईल, त्याची भीती वाटणार नाही. शिवाय तो मुद्दाम हरला हे सिद्ध झालं तर सकारण बडतर्फी, म्हणजे रक्कम बुडाली. मग सगळं कथानक पुरावे लपवण्यात जाईल, निव्वळ फार्स.

मला 20 तासांचा नियम जास्त जवळचा वाटतो. हंगामात सक्तीचा सराव आठवड्याला 20 तासच. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी 3 तास धरतात. 'ऐच्छिक' व्यायाम मोजत नाहीत, आणि कोण आलं, कोण नाही हे कोचला कळवायलाही बंदी. तरी सगळे येतात, कारण संघातली जागा तोच देतो. कोचला अख्खं राज्य याच धर्तीवर चालवायचंय: कर ऐच्छिक, मतदान ऐच्छिक, गैरहजर कुणीच नाही.

उत्तररात्र
कल्पना जबरदस्त आहे, पण तिथे दिसतं काय? हजेरीपट. रेडिओ बंद पडला की तिसऱ्या डाउनला सात यार्ड हवे असलेला पोरगा एकटा उभा असतो. ते पानावर दाखवता येतं.

पेठकरीण
आधी 'तिसरा डाउन' म्हणजे काय ते मराठी वाचकाला सांगावं लागेल. चार प्रयत्नांत दहा यार्ड, नाहीतर चेंडू गेला. करार मात्र कुणालाही कळतो, म्हणून मी पैशावरून हलणार नाही. आणि काळा फळा, कोचला मुद्दाम हरायची गरजच नाही. प्रामाणिकपणे खेळून तो जिंकतच सुटला तर? तिथेच त्याची शोकांतिका सुरू होते.